पानसे बाई आणि चढाची नदी

दवाखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा माझी जुनी खुर्ची बघायला एक तरुण डेंटिस्ट आला. मुलगा हुशार होता. त्याने आधी दिवा लावून पाहिला, मग गादी दाबून पाहिली, मग खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. शेवटी म्हणाला, "सर, खुर्ची उंच करायचं पेडल जवळजवळ नवं आहे, आणि पाठ आडवी करायचं पार गुळगुळीत झालंय. असं कसं?" मी म्हटलं, "ते दातांमुळे नाही झिजलं. साहित्यामुळे झिजलं." तो सभ्यपणे हसला आणि विचार करून कळवतो म्हणाला. अजून त्याने कळवलेलं नाही.

पण ते खरं होतं. ते पेडल पानसे बाईंनी झिजवलं.

बाई सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि तळमजल्यावर माझा दवाखाना. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारायची पेठेत कुणाची हिंमत नव्हती. बाईंच्या हाताखालून गेलेल्या बायका पुढे आजी झाल्या, तरी रस्त्यात बाई दिसल्या की पदर सावरून मनातल्या मनात वाऱ्यांची नावं आठवायला लागत.

या बाईंना जगात एकाच गोष्टीचं वेड होतं, आणि ते म्हणजे य. ना. निरगुडे यांच्या कादंबऱ्या. ज्यांनी निरगुडे वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मेघवर्त नावाचा एक देश आहे. तो कुठेही नाही. तिथे एक राजकन्या आहे, तिचं राज्य चुलत्याने बळकावलेलं आहे, एक बोलणारा बगळा आहे, शुभ्रा नावाची नदी आहे, आणि त्या नदीवर सोमट नावाचा एक नावाडी आहे. असे आठ खंड होणार होते. सात एकामागून एक आले. एकेक खंड हातात धरला तर मनगट दुखावं एवढा. लहान मुलांची पुस्तकं म्हणून कुणी हेटाळणी केली की बाई म्हणायच्या, "बरोबर आहे. मोठ्यांना झेपत नाहीत."

बाईंचं प्रेम मात्र पुण्याला साजेसं होतं. त्यांना एखादं पुस्तक जितकं आवडे तितक्या त्या त्यातल्या चुका जास्त काढत. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल त्या एकच शब्द बोलत, "छान." निरगुड्यांच्या कुठल्याही खंडाला त्यांनी छान म्हटल्याचं मला आठवत नाही. फार म्हणजे फार प्रसन्न असल्या तर म्हणायच्या, "वाचवतं." हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा पुरस्कार होता आणि तो निरगुड्यांना फक्त पहिल्या खंडासाठी मिळाला होता.

चौथ्या खंडात भानगड झाली. त्यात सोमट नावाडी राजकन्येला चुलत्याच्या सैनिकांपासून वाचवतो. बंदरातून तिला नावेत बसवतो, वल्ही आत घेतो, आणि रात्रभर प्रवाहाबरोबर वाहत वाहत नाव पहाटे डोंगरातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी लागते. राजकन्या झोपलेली असते. सोमट गुणगुणत असतो. तुम्हीआम्ही हे वाचतो आणि पान उलटतो. बाईंनी पुस्तक मिटलं.

नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहिली होती.

शाळेतून मोडीत निघालेला दक्षिण अमेरिकेचा कापडी नकाशा बाईंनी घरी आणला होता. त्याच्या पाठीवर त्यांनी मेघवर्त काढला. उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, सगळं आलं. निरगुड्यांनी प्रत्येक खंडात जी काही अंतरं आणि चढउतार लिहिले होते त्यांवरून शुभ्रा नदी किती चढते हे त्यात स्पष्ट दिसत होतं. हा नकाशा माझ्या दवाखान्यात, जिथे दाताच्या रचनेचं चित्र होतं तिथे लागला. पेशंट वाट बघताना तो बघत बसायचे. एक गृहस्थ तर म्हणाले की या बंदराच्या बाजूला त्यांची बहीण दिली आहे.

"वल्ही मारत नेली असती तर मी एक शब्द बोलले नसते," बाई मला म्हणायच्या. "पण वल्ही आत घेतली, डॉक्टर. आत."

त्यांनी प्रकाशकांच्या पत्त्यावर निरगुड्यांना एक पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मग त्या दर दिवाळीला एक टाकू लागल्या. त्यात शुभेच्छा असत आणि नदी असे.

दवाखान्यात नकाशा आल्यावर माणसंही आली. रविवारी माझा दवाखाना बंद असतो आणि बाहेरच्या खोलीत बाकं रिकामी असतात, एवढ्या आधारावर बाईंनी तिथे निरगुडे-वाचकांची बैठक सुरू केली. मला विचारलं नाही, कळवलं. पाच वाजता बैठक. दाढ दुखत असेल तरी साडेचारच्या आत दुखवून घ्यायची.

मत द्यायचं असेल तर आतल्या खुर्चीत बसून द्यायचं, हा नियम बाईंचा. त्यांचं निरीक्षण असं की बाकावर बसलेला माणूस वाटेल तितका बोलतो, पण डोळ्यांवर दिवा आणि शेजारी पक्कड असली की मुद्द्यावर येतो. त्या स्वतः खुर्चीशेजारी माझ्या स्टुलावर बसत आणि उजवा पाय त्या पेडलवर ठेवत. वक्ता भरकटायला लागला की बाई हलकेच पाय दाबत. पाठ जरा मागे जाई. आणखी भरकटला की आणखी. चांगले चांगले रसिक शेवटी आढ्याकडे बघत, पाय वर, आपलं मत आटोपतं घेताना मी पाहिले आहेत.

नियमित येणाऱ्यांत दोघं मला विशेष आठवतात. एक दत्तोबा रायकर. धायरीचे जुने शेतकरी. शेतावर इमारती उठल्या आणि हाताला काम राहिलं नाही म्हणून वाचायला लागलेले. निरगुडेच का वाचता असं विचारल्यावर म्हणाले, "माझ्याच वावरात राहतो की तो. बी बिल्डिंग, तिसरा माळा. आपल्या रानात काय पिकतंय ते बघाया नगं?" रायकरांचा प्रत्येक खंडाबद्दल एकच आक्षेप असे. खुर्चीत बसून, दिव्याकडे बघत ते म्हणायचे, "सैन्य चाललंय, चाललंय. जेवतंय कवा?" एवढं बोलून ते उतरायचे. त्यांच्यासाठी पेडल कधी दाबावं लागलं नाही.

दुसरी तन्मयी, शेजारच्या वाड्यात खोली घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची मुलगी. तिचं म्हणणं राजकन्येला स्टोरीत स्वतःचं असं काही करूच देत नाहीत. "म्हणजे सगळे तिला फक्त रेस्क्यू करतात, बाई. तिचा काही से-च नाहीये." बाई तिला आडवी करत करत म्हणायच्या, "मराठीत बोललीस तर तुलाही असेल."

मला कुणी मत विचारत नसे. एकदा मी आपणहून बगळ्याबद्दल काही बोलायला लागलो तर बाई म्हणाल्या, "तुम्ही दातांचं बघा."

पाचव्या खंडाच्या शेवटी सोमट बुडून मेला. बाईंनी ते पान दुपारी वाचलं आणि संध्याकाळी खाली येऊन मला पाटी लिहायला सांगितली. "दवाखाना बंद. सोमट यांच्या दुःखद निधनानिमित्त शोकसभा, रविवारी पाच वाजता." त्यांच्या आवाजात काही तरी होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. पाटी दारावर लावली.

आता आमच्या भागात एक कार्यकर्ते होते. नगरसेवक व्हायची त्यांची फार इच्छा होती आणि त्यासाठी ते परिसरातलं एकही मरण चुकवत नसत. पाच वाजता ते पांढऱ्या कपड्यांत, हार घेऊन हजर झाले. फोटो दिसेना म्हणून त्यांनी हार नकाशाला घातला. मग कुणी काही बोलायच्या आत खुर्चीशेजारी उभं राहून त्यांनी भाषण केलं. सोमटजी हे पडद्याआड राहून काम करणारं व्यक्तिमत्त्व होतं. पाण्याच्या प्रश्नावर त्यांचं योगदान कधी विसरता येणार नाही. त्यांनी कित्येकांना पैलतीर दाखवला, पण स्वतःसाठी काही मागितलं नाही. रायकर डोळे पुसत होते. तन्मयी भिंतीकडे तोंड करून हलत होती, ती हसत होती की रडत होती हे मला आजही सांगता येणार नाही.

ते गेल्यावर मला वाटलं बाई आता चिडणार. त्या म्हणाल्या, "आजपर्यंतचं सर्वांत चांगलं विवेचन. पुस्तक वाचलं नव्हतं म्हणून मुद्द्याला धरून बोलले." पुढे कित्येक वर्षं ते कार्यकर्ते भेटले की मला म्हणायचे, सोमटजींच्या घरच्यांना काही लागलं तर हक्काने सांगा.

सहाव्या खंडात निरगुड्यांनी सोमटला जिवंत केलं. कुठल्या तरी कोळ्याने त्याला जाळ्यातून काढलेलं असतं. सगळे वाचक आनंदले. बाईंनी मात्र त्याला मान्यता दिली नाही. त्याची शोकसभा झालेली आहे, हार घातलेला आहे, आता काही करता येणार नाही, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. सहाव्या आणि सातव्या खंडात जिथे जिथे सोमट येई तिथे त्या "तो इसम" म्हणत.

त्यानंतर निरगुडे गप्प झाले. आठव्या खंडाची जाहिरात सातव्याच्या मलपृष्ठावर होती, पण वर्षं जायला लागली आणि खंड येईना. प्रकाशकांकडे विचारलं की ते "लेखन चालू आहे" असं म्हणत. रायकरांनी बातमी आणली की तसं काही चालू नाही. "दिवसभर ग्यालरीत बसून असतो," ते म्हणाले.

याच काळात बाईंचे डोळे बिघडले. मधलं दिसेनासं झालं. कडेचं दिसायचं, पण समोर ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे हळूहळू वाढत जाईल असं स्पष्ट सांगितलं होतं. बाई भिंग घेऊन, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायला शिकल्या. बघणाऱ्याला वाटे पुस्तक हातात आहे आणि लक्ष दाराकडे आहे. जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबत आणि मी हात द्यायला गेलो की म्हणत, "पेशंट आत आहे तुमचा."

त्यांचा भाचा श्रीरंग वारज्याला राहायचा. भावाचा मुलगा, बाईंनीच वाढवलेला. तो एका कारखान्यात प्लॅनिंगमध्ये होता आणि त्याचा आत्यावर फार जीव होता. त्याच्या इमारतीला लिफ्ट होती आणि घरात बाईंसाठी खोली तयार होती. आत्याने इथला जिना सोडून तिकडे यावं म्हणून तो दर आठवड्याला यायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं. आठवा खंड येऊ दे. शेवटचं पान मी माझ्या डोळ्यांनी वाचणार, या नकाशासमोर बसून वाचणार, आणि मग तू म्हणशील तिथे येणार.

श्रीरंगने आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, या माणसाची अडचण काय आहे? मटेरियल नाहीये का?" मी म्हटलं मला काही कल्पना नाही. मग तो रायकरांना घेऊन धायरीला गेला. निरगुड्यांना त्याने विचारलं की काम कुठे अडलंय आणि कुणी माणूस द्यावा लागेल का.

निरगुड्यांनी त्याला चहा दिला. मग म्हणाले, लिहायला बसलो की नदी येते, आणि नदी आली की पानसे नावाच्या एका बाई येतात. श्रीरंग म्हणाला, ती माझी आत्या. निरगुड्यांनी त्याच्या हातातला कप परत घेतला, असं रायकर सांगतात. त्यात अर्धा चहा होता.

पुढचं जे झालं त्याचं श्रेय निरगुड्यांच्या खालच्या दाढेला. ती रविवारी दुपारी ठणकायला लागली. रायकर त्यांना रिक्षात घालून थेट माझ्याकडे घेऊन आले. कुणाला घेऊन आलोय हे त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त "वळखीचं हायेत" म्हणाले. निरगुड्यांच्या पुस्तकांवर त्यांचा फोटो कधी नसायचा, बगळ्याचं चित्र असायचं. त्यामुळे मला तो एक घाबरट, टकलू, सुजलेल्या गालाचा माणूस दिसला. मी इंजेक्शन दिलं, दाढ उघडली, कापसाचे बोळे ठेवले आणि हत्यार आणायला आतल्या कपाटाकडे वळलो, तोवर पाच वाजले.

बाई आत आल्या. खुर्चीत माणूस बघून त्या सवयीने स्टुलावर बसल्या आणि पाय पेडलवर ठेवला.

"नवीन दिसताय," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. म्हणजे त्या त्यांच्याचकडे बघत होत्या. "चौथा खंड वाचलाय?"

निरगुड्यांनी मान हलवली. तोंडात कापूस, ओठ बधिर. हे पेशंट आहेत असं मी सांगणार तर मागून रायकरांनी माझं कोपर धरलं. त्यांनी हे आधीच ठरवलं होतं की त्यांना त्या क्षणी सुचलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग बाईंनी चौथ्या खंडावर आपलं मत दिलं. समोच्च रेषांपासून सुरुवात केली. निरगुडे आ वासून ऐकत होते, त्यांना दुसरा इलाज नव्हता. मधे मधे ते काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत आणि बाई पाठ आणखी थोडी मागे नेत. शेवटी ते जवळजवळ डोक्यावर उभे राहायच्या बेतात आले तेव्हा मी बोळे काढले. ते म्हणाले, "मी निवगुडे."

बैठकीला आलेले सगळे एव्हाना दारात जमले होते. तन्मयीने हातातला मोबाइल खाली ठेवला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी पायाखालचं पेडल सोडलं. त्या आणखी वळल्या, पार भिंतीकडे, म्हणजे त्यांना तो चेहरा शक्य तितका नीट दिसावा.

"तोंड मिटू नका, दाढ उघडी आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याशी बोलतात त्यापेक्षा हळू आवाजात, "निरगुडे, मला अजून कडेचं दिसतंय. तेवढ्यात लिहा."

निरगुड्यांनी तोंड मिटलं नाही. त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता, पण डोळे नव्हते. मी दाढ भरली. ती चांगली भरली गेली नाही.

त्यांनी लिहायला घेतलं. चार-सहा महिन्यांनी निरोप आला की शेवटच्या भागाचा खर्डा झाला आहे आणि छापायला देण्याआधी तो बैठकीत वाचून दाखवायचा आहे. त्या रविवारी श्रीरंगसुद्धा आला. त्याने टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं.

निरगुडे खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. सैन्य निघालं, आणि दुपारी थांबून जेवलं. भाकरी, पिठलं, कांदा, सगळं सविस्तर. राजकन्येने कुणाची वाट न बघता चुलत्याशी स्वतः बोलणी केली आणि ती बरीच लांबली. सोमटचं नाव कुठे नव्हतं. नदी डोंगरातून निघून समुद्राकडे जात होती आणि एक नवा नावाडी घामाघूम होऊन, वल्ही मारत, प्रवाहाविरुद्ध राजकन्येला किल्ल्याकडे नेत होता. बैठकीतलं सगळं रायकरांनी त्यांच्या कानावर घातलेलं, त्यामुळे आमच्यापैकी ज्याने जे मागितलं होतं ते ते सगळं त्यात होतं. जेवणाच्या प्रसंगानंतर रायकरांना झोप लागली. तन्मयी नखं बघत होती. राजकन्या नावेत बसल्यावर मलाही जांभई आली आणि मी ती रुमालात दाबली.

निरगुड्यांनी मान वर केली. "बाई, नदी आता उताराला आहे."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे."

बाईंच्या तोंडून बरोबर हा शब्द मी कधी इतक्या वाईट आवाजात ऐकला नव्हता.

"मग?"

"मग पुढे वाचू नका. सोमटला बोलवा. आणि त्याला वल्ही आत घ्यायला सांगा."

निरगुडे खुर्चीत ताठ झाले. इतकी वर्षं दर दिवाळीला नदीची चूक कळवत होतात ना, असं ते जवळजवळ ओरडलेच. माझं लिहिणं बंद पडलं त्या चुकीपायी.

"मी चूक दाखवत होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "दुरुस्त करा असं कधी म्हटलं?"

"आणि सोमटची शोकसभा? ती झाली ना तुमच्याकडे?"

"झाली असेल. माणसं चुकतात."

श्रीरंग पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो खाली बसला आणि आत्याचे हात धरून म्हणाला, "आत्या, परत लिहायचं म्हणजे वर्ष जाईल. हे आत्ता छापलं तर तुला वाचता येईल गं. तोवर तुला दिसायचं नाही." त्याच्या बोलण्यात प्लॅनिंग काही उरलं नव्हतं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं की बाईंनी हट्ट सोडावा. असेल पुस्तक कंटाळवाणं, पण शेवटचं पान तरी त्यांच्या डोळ्यांनी त्या वाचतील.

बाईंनी नकाशाकडे मान केली, म्हणजे त्यांना तो दिसत नव्हता. "न दिसू दे," त्या म्हणाल्या. "हे वाचायला डोळे खर्च करायचे नाहीत मला."

निरगुड्यांनी कागद गोळा केले. दारापर्यंत गेले, परत आले, आणि बाईंना वाकून नमस्कार केला. ते बाईंहून फार लहान नव्हते.

वर्ष गेलंच. बाईंचं कडेचंही दिसणं गेलं. निरगुडे दर रविवारी रायकरांबरोबर येऊन जेवढं झालं तेवढं वाचत. बाई आता खुर्चीत बसायच्या आणि निरगुडे स्टुलावर. दिवा लावायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून मी तो बाजूला वळवून ठेवला. पेडलवर कुणाचाच पाय नसायचा.

शेवटच्या दिवशी सोमट आला. दोन खंड तो इसम म्हणून वावरलेला सोमट. त्याने म्हाताऱ्या झालेल्या राजकन्येला बंदरातून नावेत बसवलं, वल्ही आत घेतली, आणि शुभ्रा नदी तिला घेऊन डोंगराकडे निघाली. कशी निघाली याचं निरगुड्यांनी एका शब्दानेही स्पष्टीकरण दिलं नव्हतं. नाव एकेक समोच्च रेषा ओलांडत वर चालली होती. सैन्य कुठे जेवलं का, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, रायकर तर तोंडावर हात ठेवून बसले होते. पहाटे नाव किल्ल्याशी लागली आणि पुस्तक संपलं.

बाई डोळे मिटून होत्या. निरगुडे कागद हातात धरून शाळेतल्या पोरासारखे वाट बघत होते. पहिल्या खंडानंतर हे सगळे खंड त्यांनी एकाच शब्दासाठी लिहिले असावेत, असं मला तेव्हा वाटून गेलं.

"वाचवतं," बाई म्हणाल्या.

निरगुडे स्टुलावरून उठले आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले. बराच वेळ ते आत आले नाहीत.

शब्द दिला होता तो बाईंनी पाळला. पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला आणि त्या वारज्याला गेल्या. नकाशा त्यांनी दवाखान्यातच ठेवला. आता मला त्याचा उपयोग नाही असं त्या म्हणाल्या, पण मला वाटतं तो तिथून निघू नये अशी त्यांची इच्छा होती.

त्यांची माझी शेवटची भेट वारज्याला झाली. मी संध्याकाळी गेलो तर श्रीरंग खालीच, लिफ्टचं दार हाताने अडवून उभा. लिफ्ट बंद पडलीय का म्हणून विचारलं. तो म्हणाला, चालू आहे ना, त्यासाठीच तर आणली हिला. आणि त्याने मान वर करून जिन्याकडे खूण केली. आत लिफ्टमधली बाई हिंदीत विनवत होती की कृपया दरवाजा बंद करें.

पानसे बाई पहिल्या वळणावर थांबल्या होत्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. दम खात होत्या. माझी चाहूल लागली तशी त्यांनी जिन्याच्या भिंतीकडे तोंड केलं, सवयीने, अजून कोपऱ्यातून काही दिसेल अशा बेताने.

मी म्हटलं, "बाई, लिफ्ट आहे. चढता कशाला?"

"शुभ्रा चढते," त्या म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"

मग त्यांनी काठी काखेत धरली आणि पुढची पायरी घेतली.